आण्णांच्या साठीचे पॅटीस

पॅटीस करणं अगदी सोपं असतं, असं मला लालासाहेबांनी सांगितलं. लालासाहेब म्हणजे आमचे साताऱ्यातले शेजारी. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना आयुष्यात काहीच अवघड वाटलेलं नाही, कारण जे काही करायचं ते करायला त्यांच्या हाताखाली नेहमी चाळीस माणसं असायची.

"मैदा मळायचा, लाटायचा, वर डालडा लावायचा, घडी घालायची. पुन्यांदा लाटायचं, पुन्यांदा घडी. कांबळ्याची घडी घालताव तशी. आत बटाट्याची भाजी भरायची आन् भट्टीत सारायचं. काय हाय त्यात? आमच्या मेसमदी हजार येळा बघितलंय मी."

त्यांनी ते बघितलं होतं, केलं नव्हतं. हा फरक माझ्या ध्यानात यायला सांगलीची भट्टी उजाडावी लागली.

मुळात पॅटीसच्या भानगडीत मी पडलो तो सासऱ्यांमुळे. आण्णा सांगलीच्या हळद पेठेतले जुने अडत्ये. त्यांना मुलगा नाही. दोन मुलीच. थोरली मिरजेच्या डॉक्टरांना दिलेली आणि धाकटी, म्हणजे आमची भामा, सरकारी कचेरीतल्या मोजणी कारकुनाला, म्हणजे मला. डॉक्टर आले की आण्णा कोचावरून उठून उभे राहायचे. मी आलो की कोचावरचे पाय खाली घ्यायचे. अकरा वर्षांत ते माझ्याशी तीनच वाक्यं बोलले होते: "आलात?", "जेवलात?" आणि "गाडी कितीची?" त्यातलं तिसरं वाक्य ते जरा मनापासून म्हणतात असा माझा समज होता. भामाला मी तो बोलून दाखवला नाही, पण आत कुठेतरी ते टोचत असे. मला त्यांच्याकडून एक शब्द हवा होता. शाबासकीचाच हवा असंही नाही, नुसता चौथा असता तरी चाललं असतं.

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात आण्णांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. घरी शंभर माणसांची चहापार्टी ठरली. मी लगेच कार्ड टाकलं: 'फराळाचे सर्व आमच्याकडे. बाजारातून काहीही आणू नये. पाचगणीच्या धर्तीवर पॅटीस करून आणत आहोत.' चार दिवसांनी उत्तर आलं: 'कार्ड पोचले. बरे. पाहू.'

"आण्णांनी पाहू लिहिलंय," भामा म्हणाली. "लिलावात ते पाहू म्हणाले की समजायचं, हळद किडकी निघाली."

पाचगणीची धर्ती म्हणजे काय, तर मी एकदा तिथल्या एका शाळेच्या कंपाउंडाची मोजणी करायला गेलो होतो. तिथल्या बाईंनी मला बशीतून एक पॅटीस दिलं. ते पापुद्रे, तो खमंगपणा! खाताना अर्धं पॅटीस नकाशावर सांडलं. त्याचा तुपकट डाग पडला आणि माझ्यामागून आलेल्या साहेबांनी तो विहीर समजून कागदावर चढवला. आजही त्या शाळेच्या मैदानात सरकारदरबारी एक विहीर आहे. सांगायचा मुद्दा एवढाच, की या पदार्थाचा माझ्यावर खोल परिणाम झाला होता.

शंभर माणसांना दहा किलो मैदा लागणार. दुकानात अर्धा किलो मिळायची मारामार. म्हणून पुरवठा कचेरीत परवाना काढायला गेलो. टेबलामागे नानासो नावाचे एक कारकून होते. एक कारकून दुसऱ्या कारकुनाला अडवत नाही अशी माझी भाबडी समजूत होती.

"कारण?" नानासोंनी विचारलं.

"सासऱ्यांच्या साठीचा समारंभ."

त्यांनी फॉर्म फिरवून माझ्यापुढे धरला. त्यावर दोनच रकाने होते. लग्नकार्य आणि उत्तरकार्य.

"साठीचा रकाना न्हाई ह्यात. लग्न लिवायचं तर पत्रिका आणा, नवऱ्याच्या वयाचा दाखला आणा, नवरीच्या वयाचा आणा. मयताला फकस्त नाव लागतं."

"अहो, पण ते जिवंत आहेत."

"मग मैदा कशाला पायजे? जित्त्या माणसाला भाकरी चालती की."

मी बाहेर येऊन पिंपळाखाली दहा मिनिटं उभा राहिलो. मन खात होतं. पण शेवटी विचार केला, कागदावर मेल्यानं माणूस थोडाच मरतो? मोजणी खात्यात मी रोज बघतो, कागदावर मेलेली निम्मी माणसं स्वतः चालत येऊन सही करून जातात. मी आत गेलो आणि नाव सांगितलं. आण्णासो दादू खराडे, राहणार सांगली. नानासोंनी 'मयत' या शब्दापुढे ते वळणदार अक्षरात लिहिलं, शिक्का मारला आणि वर "वाईट झालं," असंही म्हणाले.

डालडाची तर त्या वर्षी नुसती बोंब होती. पण आमच्या मागच्या खोलीतल्या पारूबाईंकडे दोन डबे निघाले. ते त्यांनी आनंदानं दिले, मात्र एका अटीवर. "पिठात वाडगाभर आंबट दही आन् मूठभर सोडा घालायचा. त्याबिगार हलकं व्हत न्हाई. न्हाई घातलं तर डबा परत." अट मान्य करावी लागली. इकडे लालासाहेबांनी सायकलवरून जाऊन पाववाल्याकडून भांडंभर खमीर आणलं. पलटणीत म्हणे त्याशिवाय पानही हलत नाही. मी पारूबाईंचं लालासाहेबांना सांगितलं नाही आणि लालासाहेबांचं पारूबाईंना. शेजाऱ्यांची मनं जपायची म्हणजे दोघांचंही गुपचूप घालणं आलं. शिवाय खमिराला साखर आवडते असं मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून दोन मुठी साखर मी माझ्या अकलेनं घातली. भामा म्हणाली, "एवढं सगळं एका पिठाला सोसेल का?" मी म्हणालो, "माणसाला सोसतं, पिठाला काय झालं?"

समारंभाच्या दिवशी पहाटे घड्या घालून झाल्या. ते पीठ ओल्या फडक्यात गुंडाळून भामाच्या लग्नातल्या ट्रंकेत भरलं, कडी घातली, वर कुलूप लावलं. भाजीचा डबा वेगळा. सोबत लालासाहेब होतेच. मोहीम अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. ते स्वतःच्या खर्चानं येतो म्हणाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

एसटीच्या टपावर ट्रंक चढली. मे महिन्याचं ऊन. कराड स्टँडवर एक हमाल वाकून म्हणाला, "पाव्हणं, तुमची पेटी फुगलीया." वर चढून पाहिलं तर झाकण चारी बाजूंनी दोन बोटं उचललेलं आणि कडी बिचारी घामाघूम. कंडक्टर म्हणाला, "टपावर काय फुटायबिटायचं आसंल तर आदी खाली घ्या." ट्रंक खाली घेऊन दोन बाकांमधल्या वाटेत ठेवली. तेवढ्यात कुलूप तुटून समोरच्या म्हातारीच्या ओटीत पडलं. तेव्हा लालासाहेब पुढे झाले. "हटा," म्हणाले, आणि ट्रंकेवर बसले.

नव्वद किलोचा माणूस. पण पीठही काही कमी नव्हतं. पेठ नाक्याला लालासाहेबांचे बूट जमिनीला टेकलेले होते. इस्लामपूरला नुसत्या टाचा उचलल्या. आष्ट्याला दोन्ही पाय अधांतरी लोंबायला लागले आणि समोरची म्हातारी हात जोडून बसली. लालासाहेब मात्र ताठ. शत्रूनं ठाणं घेतलं तरी झेंडा खाली येऊ द्यायचा नाही, असा त्यांचा चेहरा होता.

सांगलीच्या जकात नाक्यावर नाकेदार गाडीत चढला. "पेटीत काय हाय?"

झाकण उघडलं. आतलं पीठ मोकळं होऊन हळूच काठावरून बाहेर डोकावलं. नाकेदार एक पाऊल मागे सरला. मैद्यावर एक दर, तयार खाण्यावर दुसरा. पण हे जे काही होतं ते त्याच्या तक्त्यात नव्हतं. "कागद दावा," तो म्हणाला. मी परवाना दिला. तो वाचता वाचता त्याचा चेहराच पडला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"आमचं आण्णा? पेठेतलं खराडे आण्णा?"

आता इथं मी खरं बोलायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण विचार करा. समोर एक सरकारी माणूस, हातात दुसऱ्या सरकारी माणसाचा शिक्का, आणि खाली तिसऱ्या सरकारी माणसाची, म्हणजे माझी, खोटी सही. नोकरीची चौदा वर्षं डोळ्यांपुढून गेली. मी मान खाली घातली. ती शरमेनं घातली होती, पण दिसायला ती दुःखानंच घातल्यासारखी दिसली.

"कितीला हाय?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"चारला. घरीच," ट्रंकेवर पुन्हा चढून बसत लालासाहेब म्हणाले. त्यांना परवान्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी आपली पार्टीची वेळ सांगितली.

नाकेदारानं जकात घेतली नाही. उलट ट्रंक उतरवायला हात लावू लागला. भामा भाजीच्या डब्याला धरून खिडकीबाहेर बघत होती. परवान्यात काय लिहिलंय हे मी तिलाही सांगितलेलं नव्हतं.

स्टँडवरून भामा टांग्यानं घरी गेली आणि आम्ही भाजीचा डबा आणि ट्रंक घेऊन बाबालालभाईंच्या भट्टीवर. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. मैदा, तूप, साखर आपलं न्यायचं, भट्टी त्यांची, आणि नानकटाई भाजून आपल्याच डब्यात परत आणायची. सुट्टीचे दिवस, त्यामुळे डबे घेऊन बायकांची रांग लागली होती. पण आमची ट्रंक उघडल्यावर रांग आपोआप मोकळी झाली. बाबालालभाईंनी पिठावर पंजा ठेवला. पिठानं तो वर उचलला.

"ह्ये जित्तं हाय," बाबालालभाई म्हणाले.

भाजी भरून दोनशे चौकोनी पॅटीस केले. ते लांब लांब मांडा, असं बाबालालभाई कळवळून सांगत होते. पण लालासाहेबांना विस्कळीत रांग बघवत नाही. त्यांनी पत्र्यांवर पॅटीस खांद्याला खांदा लावून उभे केले, पत्र्याला पत्रा भिडवला आणि "सावधान" म्हणून भट्टीत पाठवले. वीस मिनिटांनी बाबालालभाईंनी आत वाकून पाहिलं आणि तसेच वाकून राहिले.

दोनशे पॅटिसांचं एकच पॅटीस झालं होतं. साडेसहा फूट लांब, दोन फूट रुंद, मधे पोट आलेलं, वरून सोनेरी. वास असा सुटला होता की नानकटाईवाल्या बायका डबे खाली ठेवून आत बघत होत्या. पण भट्टीच्या तोंडातून ते बाहेर येईना. आत जाताना ती दोनशे माणसं होती, आता ती एक जमात झाली होती. शेवटी बाबालालभाईंनी डोळे मिटून तोंडाच्या तीन विटा काढल्या आणि ते अख्खं एका लांब फळीवर ओढून घेतलं. या सगळ्या झटापटीत माझा सदरा पिठानं लडबडला, तो काढून ठेवावा लागला. अंगावर पंचा तेवढा राहिला. दाराशी काढलेल्या चपला गर्दीत कुणाच्या तरी पायांतून निघून गेल्या.

"इथंच कापू या," मी म्हणालो.

"आत्ता सुरी लावली तर फुस्स करून बसंल," बाबालालभाई म्हणाले. "आसंच घरी न्या, पाव्हण्यांम्होरं कापा. आन् गार झालं तर चामडं हुईल. निखारं देतो, फळीखाली ठिवा."

घरी नवीन गॅस आलेला, निखारे नव्हतेच. तेव्हा बाबालालभाईंनी एका मडक्यात भट्टीतले निखारे घातले आणि हात भाजू नये म्हणून मडक्याला सुतळीचं शिंकं करून दिलं. धूळ आणि माश्या बसू नयेत म्हणून फळीवर धुतलेलं पांढरं धोतर पांघरलं. ते उडू नये म्हणून सुतळीनं तीन ठिकाणी बांधलं. फळीला खांदा द्यायला लालासाहेब, बाबालालभाई आणि भट्टीवरचे दोन कामगार. घर मला माहीत, म्हणून मी पुढे. अनवाणी, उघडा, खांद्यावर पंचा, हातात धुराचं मडकं.

मागं वळून पाहिलं असतं तर कदाचित माझ्या लक्षात आलं असतं. पण मी निखारे सांभाळत होतो. लालासाहेबांनी फळी हिंदकळू नये म्हणून चौघांना पलटणीतली मंद चाल लावली होती. एक पाऊल, थांबा. एक पाऊल, थांबा.

रस्त्यात सायकलवाले खाली उतरले. एका टांगेवाल्यानं घोडं बाजूला घेतलं. एका म्हातारीनं हात जोडले. दुकानांच्या फळ्या पडायला लागल्या. मला वाटलं, सांगलीत जावयाला काय मान आहे बघा! साताऱ्यात कुणी ढुंकूनही बघत नाही. मी दोन-तीन जणांना हसून मान डोलावली. ते दचकले.

तिकडे झालं होतं असं. नाकेदाराची पाळी तीनला संपली आणि तो सायकल मारत थेट हळद पेठेत गेला. खराडे आण्णा गेले, चारला आहे. लिलाव बंद झाले. पेठेतली दोनशे-अडीचशे माणसं आण्णांच्या घराकडे निघाली आणि कोपऱ्यावर आमची त्यांची गाठ पडली. मिरजेच्या दवाखान्यातून आणलं असणार, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. मडकं धरून प्रेत घराकडे नेतात का, एवढा साधा विचार कुणाच्या मनात आला नाही. पण रडणाऱ्या माणसाला दिशा विचारण्यात अर्थ नसतो.

गर्दीतून एक जाडजूड गृहस्थ पुढे आले. त्यांनी बाबालालभाईंना बाजूला केलं आणि स्वतःचा खांदा दिला. मी ओळखलं. केरबा माने. आण्णांच्या शेजारच्या गाळ्याचे अडत्ये. दोन गाळ्यांच्या मधल्या गटारावरून अठरा वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. आणि तेच केरबा आता हुंदके देऊन रडत होते.

"आण्णा, आरं आसा कसा गेलास? आता म्या भांडायचं कुनाशी रं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण थांबावं तर मागची अडीचशे माणसं अंगावर येणार, आणि बोलावं तर परवाना बाहेर येणार. मी चालत राहिलो. निखाऱ्यांचा धूर डोळ्यांत जात होता, त्यामुळे माझ्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

घराच्या दारात तोरण होतं. आण्णा नवं धोतर, नवा कोट, फेटा घालून पाहुण्यांची वाट बघत उभे होते. शेजारी मिरजेचे डॉक्टर. समोरून येणारी यात्रा बघून आण्णांनी रीतीप्रमाणे फेटा उतरवला, एक पायरी खाली आले आणि हलक्या आवाजात मला विचारलं,

"कोण गेलं?"

केरबांनी आण्णांकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं, मग पुन्हा आण्णांकडे. लालासाहेबांनी "थम" म्हणून फळी ओसरीवर उतरवली. डॉक्टर सवयीनं पुढे झाले, धोतराखाली हात घातला आणि म्हणाले, "अजून गरम आहे."

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. रकाने, मयत, नाका, खमीर, दही, सोडा, वाटेत केरबा काय म्हणून रडले ते, सगळं. नोकरी जाईल ती जावो. भामा दारात तोंडाला पदर लावून उभी होती. ती रडते आहे की हसते आहे हे कळत नव्हतं. आण्णा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. अकरा वर्षं मी एका शब्दासाठी थांबलो होतो आणि आता तो कुठला येणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

आण्णांनी धोतराची गाठ सोडली. पॅटीसचा एक कोपरा मोडला. पापुद्रे नव्हते. वरून खारी, आतून पाव आणि त्याच्याही आत बटाटा, असं काहीतरी होतं. अडीचशे माणसं आण्णा चावतात ते बघत होती. त्यांनी सावकाश गिळलं आणि केरबांकडे वळले.

"केरबा, मगाशी काय म्हणत हुतास?"

"काय न्हाई."

"म्या ऐकलंय. पुन्यांदा म्हण."

"आता तू हाईस की. आता कशाला म्हणू?"

"म्हण म्हणतो न्हवं!"

केरबांनी सगळ्यांसमोर, खाली बघत, ते वाक्य परत म्हटलं. आण्णांनी त्यांच्या हातावर पॅटीसचा तुकडा ठेवला आणि त्यांना कोचावर स्वतःच्या शेजारी बसवलं. पेठेच्या अध्यक्षांनी घाईघाईत दुखवट्याचा ठराव लिहून आणला होता. तो ते खिशात लपवत होते. आण्णांनी तो काढायला लावला, वाचून घेतला आणि 'सर्वांशी गोडीने वागणारे' हे शब्द खोडायला सांगितले. "केरबा हसंल," म्हणाले. शंभरांच्या जागी साडेतीनशे माणसं झाली, तरी ते पॅटीस पुरलं. बाबालालभाई फळीवर सुरी चालवता चालवता प्रत्येकाला तीन विटांची गोष्ट सांगत होते. लोक जाताना आण्णांच्या पाया पडत होते, आणि आण्णा प्रत्येकाकडे असं बघत होते जणू ही माणसं त्यांना आजच पहिल्यांदा भेटत होती.

सगळे पांगल्यावर मी ओसरीच्या कडेला पाय धूत होतो. आण्णा येऊन उभे राहिले. मी उठायला लागलो तर त्यांनी हातानं बसा म्हटलं, आणि स्वतः माझ्या शेजारी पायरीवर बसले.

"जावईबापू," ते म्हणाले, "मला ल्योक न्हाई. माझ्या म्होरं मडकं धरून कोण चालायचं, ह्येचा मला लई दिवस घोर हुता. कुनाला बोललो न्हाई. आज तुमी चालताना बघितलं. सरळ चालता. वाकडंतिकडं बघत न्हाई." त्यांनी दाराकडे एक नजर टाकली. "माझी खरी येळ यील तवा तुमीच फुडं व्हायचं. डाक्टरांस्नी एवढ्यात सांगू नका, त्यास्नी वाईट वाटंल."

एवढा मान आपल्याला मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि अगदी मनापासून म्हणालो, "हो आण्णा! कधीही सांगा. मी तयार आहे."

आण्णांनी हात सोडवून घेतले.

"एवढी घाई न्हाई," ते म्हणाले.